प्लास्टिकची एजिंग पट्टी पुन्हा पुन्हा वर येते: कारण ओळखणे आणि ती नीट बसवणे

लॉन आणि फुलझाडांचा वाफा यांच्यामध्ये बसवलेली लवचिक प्लास्टिकची एजिंग पट्टी सुरुवातीचे काही महिने जमिनीशी घट्ट बसलेली दिसते आणि नंतर जागोजागी वर येऊ लागते, ही तक्रार अगदी सर्रास ऐकू येते. बहुतेक जण त्यावर एकच उपाय करतात. पट्टीवर लाकडी फळी आडवी ठेवून हातोड्याने ठोकतात, सैल झालेल्या खुंट्या त्याच भोकांत पुन्हा मारतात, आणि पुढच्या हंगामात पट्टी पुन्हा तेवढीच, किंबहुना थोडी अधिकच, वर आलेली असते.

ठोकून काम का भागत नाही, हे पट्टीखाली काय घडते ते पाहिले की लगेच कळते. पट्टी दोन-तीन मिलिमीटर जरी उचलली गेली, तरी तिच्या खालच्या कडेखाली एक बारीक पोकळी तयार होते, आणि पुढच्या पाण्याबरोबर शेजारची बारीक माती त्या पोकळीत उतरून बसते. पट्टीला उचलणारे कारण मग दूर झाले, म्हणजे ऊन उतरले किंवा फुगलेली माती सुकली, तरी पट्टीला खाली परत जायला जागा उरलेली नसते. असे दर वेळी थोडे थोडे घडत जाते आणि प्रत्येक वेळी चराचा तळच वर सरकतो. अशा स्थितीत वरून हातोडा मारला, तर पट्टी खाली जाण्याऐवजी मधल्या भागात वाकते, तिची खालची कड दुमडते किंवा खुंटीच्या भोकाजवळ फाटते. म्हणून वर आलेली पट्टी बाहेर काढून, तिच्याखाली साचलेली माती खरवडून आणि मग ती नव्याने बसवून हा प्रश्न सुटतो. यापेक्षा कमी कष्टाचा उपाय नाही, आणि जो सांगितला जातो तो पुढच्या हंगामापुरताच टिकतो.

पण काढण्याआधी ती का वर आली हे ठरवावे लागते. कारण तसेच राहिले, तर नव्याने बसवलेली पट्टीही त्याच मार्गाने जाईल.

आधी नीट पाहावे

पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शांतपणे चालत जावे आणि ती कशा प्रकारे वर आली आहे हे पाहावे. पट्टीचा वरचा काठ नागमोडी झाला असेल, म्हणजे ठरावीक अंतराने उंचवटे आणि खळगे दिसत असतील, आणि दुपारी ते अधिक ठळक दिसून सकाळी थोडे बसलेले वाटत असतील, तर दोष उष्णतेच्या प्रसरणाचा आहे. एकच जागा, जेमतेम हातभर लांबीची, उचललेली असेल आणि बाकी पट्टी व्यवस्थित असेल, तर खाली झाडाचे मूळ किंवा दगड आहे का, की तिथून गवत कापणी यंत्राचे चाक जाते, हे पाहावे. टोके आणि सांधे तेवढे वर आले असतील, तर गुंडाळीचा ताण पट्टीत शिल्लक राहिलेला आहे. सलग मोठा भाग जवळजवळ सारख्याच उंचीने वर आला असेल, तर जमीनच फुगते आहे असे समजावे. आणि पट्टी वर येण्यापेक्षा लॉनच्या बाजूला झुकली असेल, तर वाफ्यातील माती तिला ढकलत आहे.

पायाने दाबून पाहण्याची एक साधी परीक्षाही उपयोगी पडते. वर आलेल्या जागी पट्टीवर पाय ठेवून वजन द्यावे आणि हळूच पाय उचलावा. पट्टी खाली जाऊन तिथेच राहिली, तर भोवतीची माती पोकळ आहे आणि चर कधी नीट चोपलेलाच नव्हता. ती खाली जाऊन स्प्रिंगप्रमाणे परत वर आली, तर तिच्यात गुंडाळीचा किंवा प्रसरणाचा ताण आहे. मुळीच खाली गेली नाही, तर खाली माती भरली आहे किंवा काही कठीण वस्तू आहे. शंका राहिल्यास वाफ्याच्या बाजूने पट्टीला लागून वीतभर माती बाजूला करून खालची कड उघडी करावी. तिथे जे दिसते, त्याने बहुतेक शंका मिटतात.

बऱ्याच ठिकाणी एकापेक्षा जास्त कारणे एकत्र आलेली असतात. त्यांत सर्वांत जास्त आढळणारे, आणि सर्वांत कमी लक्ष दिले जाणारे, कारण चराचे आहे.

चर: बिघाडाचे खरे मूळ

या पट्टीची रचना पाहिली, की ती जमिनीत कशाच्या आधारावर राहते हे कळते. नेहमीच्या प्रकारात वर गोल नळीसारखा काठ, मध्ये दहा ते पंधरा सेंटिमीटर उंचीचा सपाट पडदा आणि खाली एका बाजूला बाहेर आलेला कंगोरा असतो. हा कंगोरा शोभेसाठी नसतो. त्याच्यावर बसलेली माती पट्टीला खाली धरून ठेवते, आणि खुंट्यांचे काम त्याला जोड देण्याचे असते. आता ज्यांनी चर खणून पट्टी उभी केली आणि उरलेल्या पोकळीत लाकडाचा भुगा, साल किंवा कंपोस्ट भरले, त्यांच्या पट्टीवर प्रत्यक्षात काहीच वजन नसते. आच्छादनाचे हे पदार्थ हलके असतात, कुजून बसतात आणि पाण्याने वाहूनही जातात. कंगोऱ्यावर मातीच हवी, तीही ओली करून थराथराने चोपलेली.

दुसरी चूक चराच्या आकाराची होते. कुदळीने किंवा खुरप्याने उकरलेला चर दोन्ही बाजूंनी उतरता आणि तळाला गोल होतो. अशा चरात पट्टी कोणत्याच बाजूला टेकत नाही आणि दोन्हीकडून भुसभुशीत मातीच्या भरवशावर उभी राहते. चराची लॉनकडची भिंत सरळ उभी असायला हवी, आणि त्यासाठी सपाट पात्याचे फावडे उभे धरून पायाने दाबत, एकाला एक लागून काप घेत जावे. वाफ्याकडची बाजू उतरती चालते, कारण तिकडून काम करायचे असते. लॉनकडच्या भिंतीतली माती गवताच्या मुळांनी बांधलेली आणि कधीही न हललेली असते. पट्टीची पाठ त्या भिंतीला पूर्ण लांबीभर टेकली पाहिजे, कारण संपूर्ण रचनेत भक्कम म्हणता येईल अशी तीच एक बाजू असते.

खोलीबाबत नियम असा, की वरच्या गोल नळीचा तळ मातीच्या पातळीला यावा आणि फक्त नळी, म्हणजे साधारण एक ते दीड सेंटिमीटर, वर दिसावी. पट्टी जास्त उघडी ठेवली तर ती अधिक तापते, पायाला अडते आणि गवत कापणी यंत्राच्या पात्याला लागते. पूर्ण गाडली तर लॉनचे गवत तिच्यावरून सहज वाफ्यात उतरते. चर थोडा जास्त खोल झाल्यास मोकळी माती टाकून तळ वर आणण्याचा मोह होतो. तसे करायचेच असेल, तर ती माती ओली करून धुमसाने ठोकावी, नाहीतर ती पुढे बसत जाते आणि पट्टी वरखाली होते.

ऊन, थंडी आणि लांबी

लवचिक एजिंग पट्ट्या बहुधा पॉलिइथिलीनच्या असतात आणि हे प्लास्टिक तापमानाबरोबर खूप लांबते व आखडते. दर मीटरला दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.1 ते 0.2 मिलिमीटर, असा हिशेब धरला, तर 10 मीटर लांबीची पट्टी 30 अंशांच्या फरकाने 3 ते 6 सेंटिमीटर बदलते. पोलादाची तेवढीच लांबी तेवढ्याच फरकाने अर्धा सेंटिमीटरही बदलत नाही. पीव्हीसीची पट्टी पॉलिइथिलीनच्या निम्म्याच्या आसपास हलते, पण ती थंडीत अधिक ठिसूळ होते आणि वळणांवर तडकण्याचा धोका वाढतो.

इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. संपूर्ण पट्टी सारखी तापत नाही. तिचा मातीतला भाग मातीच्याच तापमानाला राहतो आणि दिवसभरात फारसा बदलत नाही, तर उघडा राहिलेला काळा काठ उन्हात भोवतीच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे वरचा काठ लांबायला बघतो आणि खालचा भाग त्याला धरून ठेवतो. या ओढाताणीत वरच्या काठाला बाहेर पडायला एकच वाट असते, ती म्हणजे बाजूला किंवा वर वळण घेणे. नागमोडी काठ तयार होतो तो असा, आणि म्हणूनच नळीपेक्षा जास्त भाग उघडा ठेवलेल्या पट्टीत हा दोष लवकर दिसतो.

यावरून पट्टी कधी बसवावी हेही ठरते. कडाक्याच्या थंडीत ती आखडलेली असते. त्या वेळी ताणून, सांधे घट्ट मिटवून बसवली, तर पहिल्याच उन्हाळ्यात ती लांबून वर उसळते. भर दुपारच्या तापलेल्या पट्टीचे सांधे घट्ट बसवले, तर थंडीत ती आखडून सांधे उघडते आणि वळणांवर भिंतीपासून सुटते. सोयीची पद्धत अशी: गुंडाळी मोकळी करण्यापुरते ऊन घ्यावे, पण खुंट्या मारण्याआधी पट्टी चरात ठेवून निवू द्यावी आणि सांधे सर्वांत शेवटी, मध्यम तापमानाला जोडावेत. पट्टी कधीही ओढून ताणून बसवू नये. ती चरात सैलसर पडलेली असावी.

वळणदार आखणीत थोडे प्रसरण खपून जाते, कारण वळण किंचित फुगते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. सरळ रेषेत मात्र ते कुठेच खपत नाही. म्हणून अगदी सरळ, लांब, दोरी ओढल्यासारखी कड हवी असेल, तर लवचिक प्लास्टिक त्या कामाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे पोलाद, ॲल्युमिनियम किंवा विटांची कड घालावी. लवचिक पट्टी वळणांसाठीच आहे, आणि सरळ रेषेत ती थोडी तरी वाकडी दिसणारच. एखादी लांब बाजू तिच्याच साहाय्याने करायची असेल, तर ती हलक्या वळणाने आखावी, डोळ्यालाही ते बरे दिसते.

गुंडाळीची आठवण

पट्टी कारखान्यातून गुंडाळलेल्या रूपात येते आणि महिनोन्‌महिने तशीच राहिल्याने तो गोलावा प्लास्टिकमध्ये मुरतो. उलगडल्याबरोबर लगेच बसवली, तर पुढे बराच काळ ती परत गोल व्हायला बघते, आणि तिचा जोर सर्वाधिक टोकांवर पडतो. टोके आणि सांधे तेवढे वर येण्यामागे हेच कारण असते. आदल्या दिवशी पट्टी उलगडून सपाट, उन्हाच्या जागेवर पसरावी, दोन्ही टोकांवर आणि मध्ये वजने ठेवावीत, आणि गोलावा जिद्दी असल्यास गुंडाळीच्या उलट दिशेला सैल गुंडाळून काही वेळ ठेवावी. ऊन नसल्यास कोमट पाण्याचाही उपयोग होतो. ज्योत किंवा तापलेली हवा पट्टीला लावू नये, त्याने प्लास्टिक एका जागी पातळ होते आणि तिथेच पुढे चीर जाते.

खुंट्या

पाकिटातून मिळणाऱ्या खुंट्या बहुधा सरळ, हलक्या वळणांच्या आखणीला जेमतेम पुरतात. सरळ भागात दर 60 ते 90 सेंटिमीटरला एक, वळणावर दर 30 सेंटिमीटरला एक, आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना व प्रत्येक टोकाला एकेक असा हिशेब धरून जास्तीच्या खुंट्या आधीच आणून ठेवाव्यात. लांबी 20 ते 25 सेंटिमीटर असावी, आणि माती रेताड असल्यास त्याहून अधिक.

खुंटी कशी मारली आहे हे तिच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे. गुळगुळीत खिळा सरळ खाली ठोकला, तर त्याला वर ओढणाऱ्या जोरापुढे बाजूच्या मातीचे घर्षण एवढाच आधार असतो, आणि ओली माती सैल पडली की तोही जातो. उभ्या पडद्याच्या पट्टीत खुंटी वाफ्याच्या बाजूने, कंगोऱ्याच्या लगत वरून, साधारण 45 अंशांत तिरकी, लॉनखालच्या न हललेल्या मातीत जाईल अशी मारावी. म्हणजे पट्टी वर ओढली गेली तरी खुंटीवरचा मातीचा सबंध भार तिला आडवा येतो, आणि त्याच वेळी पट्टीची पाठ भिंतीला दाबली जाते. खुंटीला काटे किंवा पीळ असल्यास पकड वाढते. पट्टी आडवा पाय असलेली, म्हणजे इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची असेल, तर खिळे पायातल्या भोकांतून खाली मारावे लागतात. तिथेही एक खिळा किंचित डावीकडे आणि पुढचा किंचित उजवीकडे झुकवल्याने पकड सुधारते. निर्मात्याने त्या विशिष्ट पट्टीसाठी वेगळी दिशा सांगितली असेल, तर तीच पाळावी.

दुरुस्ती करताना जुन्या भोकात जुनी खुंटी पुन्हा मारण्यात अर्थ नसतो, कारण ती जागा आधीच सैल झालेली असते. नवी खुंटी निदान हाताच्या रुंदीइतक्या अंतरावर मारावी. आणि कोणतीही खुंटी मारण्याआधी ठिबकची नळी, तुषार सिंचनाचा पाइप आणि बागेतल्या दिव्यांची केबल कुठून गेली आहे, हे माहीत करून घ्यावे. हे बहुतेकदा वाफ्याच्या कडेनेच टाकलेले असतात, म्हणजे नेमके जिथे आपण खुंट्या मारणार तिथेच.

प्रत्यक्ष दुरुस्ती

आदल्या दिवशी ती जागा पाण्याने चांगली भिजवावी. कोरडी, कडक माती फावड्याने कापताना ढासळते आणि भिंत सरळ राहत नाही, तर चिखल झालेली माती चोपली जात नाही. मुठीत दाबल्यावर गोळा होतो पण पाणी सुटत नाही, इतपत ओल योग्य असते.

वाफ्याच्या बाजूने पट्टीला लागून साधारण 15 सेंटिमीटर रुंदीची माती आणि आच्छादन उचलून ताडपत्रीवर वेगवेगळे ठेवावे. एकत्र मिसळले तर परत भरताना आच्छादन खाली जाते आणि आधी सांगितलेली चूक नकळत पुन्हा होते. खुंट्यांची डोकी पकडीने धरून प्रथम फिरवावीत आणि मग ज्या कोनात मारल्या त्याच रेषेत ओढाव्यात. पट्टी वर खेचून खुंट्या उपटल्यास भोके लांबट फाटतात. पट्टी काढल्यावर चराचा तळ डोळ्यांसमोर येतो, आणि बहुतेकदा तिथे गाळासारखी बारीक, दाट मातीची एक पट्टी जमलेली दिसते. वर आलेल्या जागी ती जाड असते आणि न हललेल्या जागी जवळजवळ नसते. उंचवट्याचा नकाशाच म्हणावा असा तो थर असतो. तो तळापर्यंत खरवडून काढावा, आड आलेली बारीक मुळे धारदार सुरीने कापावीत आणि लॉनकडची भिंत फावड्याने पुन्हा उभी करून घ्यावी. भिंतीतून माती गळून खोबण पडली असेल, तर त्या जागी ओली माती भरून मूठ दाबून ती एकसारखी करावी.

झाडाचे जाड मूळ आडवे आले, तर ते कापण्याची घाई करू नये. मोठे मूळ कापल्याने झाडाला इजा होते आणि ते परत वाढून पट्टी पुन्हा उचलतेच. तिथे आखणीच थोडी वळवून मुळाला वळसा घालावा, किंवा पट्टीच्या खालच्या भागात मुळाच्या मापाची खाच कापून ती त्याच्यावरून न्यावी. खाच मुळापेक्षा थोडी मोठी ठेवावी, कारण मूळ जाड होत राहणार.

सांधा शक्यतो वळणावर येऊ देऊ नये. दोन तुकडे जोडताना एका तुकड्याच्या टोकाकडची वरची नळी थोडी कापून घ्यावी, खालचे पडदे 15 सेंटिमीटरपर्यंत एकावर एक चढवावेत आणि नळ्यांच्या आत कनेक्टर (दोन नळ्या जोडणारा तुकडा) सरकवून त्यांच्यामध्ये प्रसरणासाठी पाचएक मिलिमीटर फट सोडावी. कनेक्टर फटीखाली राहत असल्याने ती बाहेरून फारशी दिसत नाही. पडदे एकावर एक न चढवता टोकाला टोक लावले, तर थंडीत त्या फटीतून हरळी बरोबर शिरते.

पट्टी चरात ठेवल्यावर तिची सपाट पाठ लॉनकडे आणि कंगोरा वाफ्याकडे, ही बहुतेक प्रकारांची दिशा असते. खुंट्या एका टोकापासून सुरू करून पुढे सरकत माराव्यात. दोन्ही टोके आधी अडकवून मग मधला भाग बसवू नये, कारण मग जास्तीची लांबी मध्ये कोंडली जाते. त्यानंतर वाफ्याच्या बाजूने साधारण पाच सेंटिमीटर माती भरायची, टाचेने किंवा लाकडी धुमसाने चोपायची, हलके पाणी द्यायचे, आणि मग पुढचा थर. कंगोऱ्यावरचा पहिला थर सर्वांत काळजीपूर्वक चोपावा, सगळा भार त्याच्यावर आहे. दुसऱ्या बाजूने लॉनच्या भिंतीशी फट दिसल्यास तिथेही बारीक माती ओतून पाण्याने खाली उतरवावी. काम झाल्यावर नळी दोन बोटांत धरून वर ओढून पाहावी. ती हलू नये. हललीच, तर माती पुन्हा काढून चोपणे नंतर करण्यापेक्षा त्याच वेळी सोपे जाते.

जमीनच फुगत असेल तर

फुगणाऱ्या चिकणमातीत आणि थंड प्रदेशांतल्या गोठणाऱ्या जमिनीत वरचे सगळे नीट करूनही पट्टी थोडी हलते. चिकणमाती पाण्याने फुगते, सुकल्यावर आकसून भेगाळते, आणि त्या भेगांतून माती पट्टीखाली उतरते. गोठणाऱ्या जमिनीत पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, शिवाय खालचे पाणी वर ओढले जाऊन बर्फाचे पातळ थर बनत जातात आणि ते माती उचलतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिकटलेली गोठलेली माती पट्टीलाही बरोबर घेऊन वर जाते. बारीक गाळाची जमीन या बाबतीत सर्वांत वाईट ठरते.

अशा ठिकाणी पाणी साचू न देणे हाच मुख्य उपाय आहे. चराच्या तळाशी दोन-तीन सेंटिमीटर जाड वाळूचा थर चोपून घ्यावा, मात्र त्या थरातले पाणी कुठेतरी उताराला बाहेर पडते आहे याची खात्री असावी, नाहीतर चर म्हणजे पाणी धरणारी गटारच होते. खोल पडद्याची पट्टी आणि लांब, तिरक्या खुंट्या यांचाही फरक पडतो. आणि थंडी संपून जमीन मोकळी झाल्यावर, ती अजून ओली असतानाच, एकदा पट्टीभर चालून जे थोडे वर आले असेल ते पायाने दाबावे. या एकाच प्रसंगी दाबण्याला अर्थ असतो, कारण पट्टीखालची पोकळी तोवर भरलेली नसते.

उतार आणि ढकलणारी माती

उतारावरच्या लॉनमधून आलेले पाणी पट्टीशी अडते आणि तिच्या कडेकडेने वाहू लागते. काही पावसांत तिथली माती धुपून पट्टीची एक बाजू उघडी पडते आणि ती आधार सुटून कलते. पाणी जिथे गोळा होते अशा सखल जागी नळीच्या लगत खाली पडद्याला एक-दोन भोके पाडावीत किंवा त्या भागात पट्टी मातीच्या पातळीपर्यंत उतरवावी, म्हणजे पाणी वाफ्यात शिरून जिरेल. भोकांसमोर वाफ्याच्या बाजूला खडे ठेवल्यास माती वाहून जात नाही.

वाफ्याची पातळी लॉनपेक्षा बरीच उंच असेल, तर पट्टी लॉनकडे झुकत राहते, आणि कितीही खुंट्या मारल्या तरी ती झुकणारच. एजिंग पट्टी ही संरक्षक भिंत नाही. वाफ्याची माती पट्टीजवळ उतरती करून लॉनच्या पातळीला आणावी आणि आच्छादन पाच ते आठ सेंटिमीटरपेक्षा जाड करू नये. उंच वाफाच हवा असेल, तर त्याला दगड, विटा किंवा लाकूड यांची कड बांधावी.

गवत तरीही ओलांडत असेल तर

पट्टी घट्ट बसूनही वाफ्यात गवत दिसते तेव्हा दोष पट्टीचा असेलच असे नाही. हरळी जमिनीवरच्या धावत्या खोडांनी आणि जमिनीखालच्या खोडांनीही पसरते. वरून आलेली खोडे नळीवरून सहज उतरतात, आणि त्यांना रोखायला कडेने नियमित कापणी हाच उपाय आहे. खालून आलेली हरळी बहुतेकदा सांध्याच्या फटीतून येते, म्हणून गवताचा पहिला कोंब कुठे दिसतो ते पाहिले की उघडलेला सांधा सापडतो. लव्हाळ्याच्या गाठी दहा सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा खोल असतात आणि तो तिच्याखालून आरामात निघतो, त्यामुळे त्याच्यासाठी पट्टीला दोष देऊ नये. धावत्या बांबूला तर ही पट्टी अडथळाच नाही. त्याला 60 सेंटिमीटर किंवा अधिक खोल, जाड एचडीपीईचा (जास्त घनतेच्या पॉलिइथिलीनचा) अडसर लागतो.

यंत्रे, आणि पट्टी बदलण्याची वेळ

गवत कापणी यंत्राचे चाक पट्टीवरून नेहमी एकाच जागी वळत असेल, तर तिथली माती दबते आणि शेजारचा भाग वर येतो. वळण्याची जागा बदलावी. गवत छाटणाऱ्या ट्रिमरची फिरती दोरी नळीवर वारंवार लागल्यास तिच्यावर खाचा पडतात आणि पुढे थंडीत तिथेच चीर जाते, म्हणून कडेचे गवत ट्रिमर पट्टीला समांतर धरून किंवा सरळ कात्रीने कापावे.

उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिइथिलीन कालांतराने ठिसूळ होते. काळ्या पट्टीतले कार्बन ब्लॅक हे किरण शोषून घेते आणि पट्टीचे आयुष्य वाढवते. हिरव्या किंवा तपकिरी पट्ट्यांचे आयुष्य त्यांत घातलेल्या इतर संरक्षक द्रव्यांवर अवलंबून असते, आणि स्वस्त पट्ट्यांत त्यावरच काटकसर होते. दुरुस्तीसाठी काढलेली पट्टी हातात घेऊन टोकाजवळ हलकेच वाकवून पाहावी. ती वाकण्याऐवजी पांढुरकी पडली किंवा कटकन मोडली, तर तिला परत जमिनीत घालण्याचे कष्ट घेऊ नयेत. चर तयार आहेच, त्यात नवी, खोल पडद्याची काळी पट्टी घालावी. जुन्या पट्टीचे खालचे, मातीत राहिलेले भाग अजून लवचिक असले, तरी वरचा काठ गेल्यावर ती कनेक्टर धरत नाही, आणि सांधा न धरणारी पट्टी पुन्हा बसवून उपयोग नाही.